उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते? आधी अर्थची वायर काढून बघा

हंगाम संपला की ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे उभा राहतो आणि नेमकं कामाच्या सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘टक’ आवाज येतो. बहुतेक जण थेट नवी बॅटरी आणतात. वायरिंग करंट खात असेल, तर तीही तशीच उतरेल.

बॅटरी पूर्ण चार्ज करा, अर्थची (ट्रॅक्टरच्या बॉडीला जोडलेली) वायर काढून ठेवा आणि दोन दिवसांनी व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी शाबूत आहे, चोर वायरिंगमध्ये आहे. १२.२ किंवा खाली आलं, तर बॅटरीच थकली. मात्र त्याआधी तिचा माथा खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडा केलेला हवा (पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका). ॲसिडने ओलसर झालेल्या धुळीतूनही करंट झिरपतो.

आता चोर शोधू. किल्ली बंद ठेवून बॅटरीचं अर्थ टर्मिनल आणि सुटी केलेली वायर यांच्यामध्ये मल्टीमीटर १० अँपिअरवर लावा. मीटर लावलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. जुन्या साध्या ट्रॅक्टरवर आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा अँपिअर किरकोळ वाटतो, पण दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. ८८ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्यात रिकामी, सेल्फ तर त्याआधीच हात टेकतो. मग एकेक फ्यूज, एकेक वायर काढत जा. आकडा जिथे पडेल तिथे दोष.

माझा पहिला संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर असतो. त्याची बॅटरीकडे जाणारी जाड वायर सोडवताच आकडा पडला, तर त्यातले करंट उलटा जाऊ न देणारे डायोड गेलेत. अल्टरनेटरऐवजी जुना डायनेमो असेल तर रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या डायनेमोला सकाळी हात लावा. कोमट लागला तर कटआउटचे (इंजिन बंद झाल्यावर डायनेमोला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेत. त्यानंतर ब्रेकलाइटचा अडकलेला स्विच, ट्रॉलीच्या दिव्याचं गंजलेलं सॉकेट आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बघा.

काहीच सापडत नसेल तर स्वतःची सवय तपासा. जुनं डिझेल इंजिन स्टॉपची दांडी ओढून बंद होतं आणि किल्ली ‘ऑन’वरच राहते.

दुरुस्तीनंतर इंजिन रेसवर ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात का, तेवढं बघून घ्या.