मागाल तेवढा नाही, लागेल तेवढा वेग: स्टोरेजचं वाटप आपोआप कसं करावं

‘पाचशे जीबी द्या.’ महापेच्या आमच्या ऑफिसात स्टोरेजची मागणी बहुतेक वेळा एवढ्या तीन शब्दांत येते. जागा किती हवी ते कळतं, पण डेटा किती झपाट्याने लिहिला-वाचला जाणार हे कोणी सांगत नाही. आणि तक्रारी येतात त्या वेगाच्याच.

एका एप्रिलमध्ये हापूसची आवक जोरात असताना पहाटे फोन आला. वाशीच्या फळबाजारातले गाळेवाले आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर बिलं करतात. ‘अहो, टेम्पो भरून उभाय, बिल निघत नाहीये.’ डिस्क चाळीस टक्के रिकामी होती. पण रात्रीचा बॅकअप लांबून पहाटेपर्यंत आला होता आणि तो त्याच डिस्कांवर चालला होता. जागा भरपूर असूनही वेग उरला नव्हता. त्यानंतर आम्ही वाटपाची पद्धतच बदलली. ती अशी.

आधी मोजा

लिनक्सवर आयओस्टॅट ही डिस्कचं काम मोजणारी कमांड विस्तारित माहितीच्या पर्यायासह किमान आठवडाभर चालवा, आणि त्या आठवड्यात महिनाअखेर येऊ द्या. सेकंदाला किती वाचनं, किती लेखनं, आणि प्रत्येकाला किती मिलिसेकंद थांबावं लागलं, हे तीन आकडे टिपा. नुसती सरासरी घेऊ नका, गर्दीच्या तासाचे आकडे वेगळे काढा.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तुंबलेल्या डिस्कवर दिसणारा आकडा म्हणजे डिस्कने दिलेलं काम. अ‍ॅप्लिकेशनने मागितलेलं काम त्याहून जास्त असू शकतं. म्हणून आम्ही डेटाबेसची प्रत वेगवान एसएसडीवर ठेवून पहाटेचा भार पुन्हा चालवला. तेव्हा खरी मागणी कळली: सेकंदाला ६०० वाचनं आणि २०० लेखनं.

आता हिशोब करा. रेड ५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा अशी डिस्का जोडण्याची पद्धत) एका छोट्या लेखनामागे डिस्कांवर चार कामं होतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (हरवलेला डेटा परत मिळवण्यासाठी ठेवलेला हिशोब) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. म्हणजे ६०० अधिक ८००, एकूण १४००. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची एक हार्ड डिस्क विखुरलेली कामं सेकंदाला साधारण ८० उरकते. आम्हाला अठरा डिस्का लागत होत्या आणि संचात होत्या आठ. कॅशेमुळे (वरचेवर लागणारा डेटा मेमरीत ठेवण्याची सोय) इतर दिवशी निभावत होतं, बॅकअप आडवा आल्यावर निभावलं नाही. जोडणीची पद्धत रेड १० असेल तर एका लेखनामागे चारऐवजी दोनच कामं होतात, तर रेड ६ मध्ये सहा.

मग वर्ग ठरवा

तीन पुरे. गोल्डमध्ये डेटाबेस आणि बिलिंग: एनव्हीएमई (जास्त वेगवान एसएसडी), उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास. सिल्व्हरमध्ये फाइल सर्व्हर आणि अंतर्गत अ‍ॅप्लिकेशनं: साधी एसएसडी. ब्रॉन्झमध्ये बॅकअप आणि जुने लॉग: हार्ड डिस्क. प्रत्येक वर्गासमोर आकडा लिहाच. नुसतं ‘फास्ट’ लिहिलंत तर प्रत्येकालाच गोल्ड हवं असतं.

वाटप यंत्राकडे सोपवा

क्युबरनेटीस (अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर आपोआप चालवणारी प्रणाली) वापरत असाल तर प्रत्येक वर्गाचा एक स्टोरेजक्लास बनवा. अ‍ॅप्लिकेशनची टीम आपल्या क्लेममध्ये (स्टोरेजच्या मागणीत) वर्गाचं नाव आणि आकार लिहिते, आणि सीएसआय ड्रायव्हर (क्युबरनेटीसला स्टोरेजशी जोडणारा प्रोग्राम) व्हॉल्यूम, म्हणजे तेवढ्या जागेचा तुकडा, तयार करून जोडून देतो. तिकीट नाही, वाट पाहणं नाही. पण तीन सेटिंग्ज स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.

रिक्लेम पॉलिसी (क्लेम गेल्यावर व्हॉल्यूमचं काय करायचं तो नियम) आपण लिहिली नाही तर ‘डिलीट’ धरली जाते. कोणी चुकून क्लेम उडवला की मागोमाग डेटाही जातो. डेटाबेसच्या वर्गाला ‘रिटेन’च ठेवा, यात मी तडजोड करत नाही. दुसरं, व्हॉल्यूम वाढवायची परवानगी मुद्दाम चालू करावी लागते. तिसरं, बाइंडिंग (क्लेमला व्हॉल्यूम कधी जोडायचा ते) ‘वेट फॉर फर्स्ट कन्झ्युमर’वर ठेवा. म्हणजे पॉड (चालणाऱ्या प्रोग्रामचं एकक) ज्या झोनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ज्या विभागात, चालणार तिथेच व्हॉल्यूम तयार होतो.

साध्या सर्व्हरवर हेच काम एलव्हीएमचा (लिनक्समधली डिस्कची जागा वाटण्याची सोय) थिन पूल, म्हणजे लिहिलं जाईल तशीच जागा देणारा साठा, आणि अन्सिबल (सर्व्हरवरची कामं आपोआप करणारं साधन) मिळून करतात. पूल आपोआप वाढण्याची मर्यादा मुळात १०० टक्के असते, म्हणजे सोय बंद असते. ती ७० करा आणि वाढ २० टक्के ठेवा. मग १००० जीबीचा पूल ७०० जीबीपलीकडे भरला की १२०० चा होतो. मात्र व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (पूल ज्यातून जागा घेतो त्या डिस्कांच्या गटात) मोकळी जागा हवी, नाहीतर वाढायला वावच नाही. पूल पूर्ण भरला तर त्यावरच्या सगळ्याच व्हॉल्यूमचं लेखन अडतं, म्हणून यावर अलर्ट लावणं सक्तीचं समजा.

शेजाऱ्याला आवर घाला

आमचा खरा दोषी होता त्याच डिस्कांवरचा शेजारी, बॅकअप. त्याला सीग्रुपच्या (प्रोग्रामच्या वापरावर मर्यादा घालण्याची लिनक्सची सोय) ‘आयओ मॅक्स’ने सेकंदाला ठरावीक कामांपलीकडे जाऊ देऊ नका. कोणत्या टीमला गोल्डमधून किती जागा घेता येईल, याचा कोटाही नेमस्पेसवर (क्युबरनेटीसमधल्या त्या टीमच्या कप्प्यावर) लावा.

वर्ग बदलणं

लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) ठरलेल्या आकड्यापलीकडे गेली की वरच्या वर्गात हलवा, असा नियम लिहिता येतो. पण क्षणभर चढलेल्या आकड्यावर हलवाहलव सुरू झाली तर त्या स्थलांतराचाच भार डिस्कवर पडतो. आम्ही सलग पंधरा मिनिटांची अट ठेवली आहे, आणि प्रत्यक्ष हलवणं दुपारी बाजार निवल्यावर होतं. खालच्या वर्गात उतरवायला मात्र माणसाची मंजुरी लागते. आकार वाढवतानाही जपून पावलं टाका: एक्सएफएस फाइल सिस्टीम वाढवणं सोपं आहे, पण ती पुन्हा लहान करण्याच्या भरवशावर राहू नका.

शेवटी एफआयओने (डिस्कवर मुद्दाम भार टाकून वेग मोजणारं साधन) चाचणी घ्या. तुमच्या डेटाबेसचा ब्लॉक जेवढा, तेवढाच चाचणीत ठेवा, आणि वाचन-लेखनाचं प्रमाणही मोजलं होतं तेच. डेटा असलेल्या डिव्हाइसवर लेखनाची चाचणी थेट चालवू नका, तो पुसला जाईल. आम्ही हे सगळं फेब्रुवारीतच उरकतो. मार्चमध्ये पेट्या वाढू लागल्या की चालत्या डेटाबेसला हात लावायची परवानगी गाळेवाले देत नाहीत.