लाकडी बैलगाड्यांच्या फोटोंची चोरी कशी अडवावी

तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैल घेऊन साजरा होणारा पोरांचा पोळा, जवळ आला की आपल्याकडे लाकडी बैलांचे आणि रेंगी, खासर अशा बैलगाड्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर धावू लागतात. त्यातल्या कितीतरी फोटोंखाली घडवणाऱ्याचा नाही, भलत्याच माणसाचा नंबर असतो. मग गिऱ्हाईक आपल्यालाच ऐकवतं, "काहून भाऊ, नेटवर तं हेच अर्ध्या पैशात भेटून राह्यलं!" त्या अर्ध्या पैशात एकतर काहीच येत नाही, नाहीतर प्लॅस्टिकचं येतं. यावर "फोटोच टाकू नका" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं पोट फोटोवर नसतं. फोटो टाकायचेच, फक्त पुढची कामं करून.

फोन किंवा कॅमेऱ्यातली मूळ फाइल कधीही पुसू नका. काढल्याची तारीख, वेळ, फोनचं मॉडेल ही माहिती त्या फाइलच्या पोटात असते. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी पाठवली की ती गळून पडते, म्हणून दुसरीकडे जपून ठेवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घराचं लोकेशन मात्र कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून बंद असू द्या. आणि प्रत्येक वस्तूचे दोन-तीन जास्तीचे फोटो घ्या, जे कुठेच टाकायचे नाहीत: त्याच उजेडात, कोन जरासा बदलून. चोराकडे एकच फोटो असतो, तुमच्याकडे त्याची भावंडं असतात.

टाकायची प्रत 1080 पिक्सेलच्या आसपास लहान करा. फोनवर बघायला तेवढी पुरते, मोठं फ्लेक्स छापायला नाही.

आता नाव. कोपऱ्यात छोटंसं नाव टाकणं म्हणजे कुठून कापायचं ते चोराला आखून देणं. मोकळ्या पार्श्वभूमीवर टाकलेलं नावही फोनमधलं खोडरबर चुटकीसरशी पुसतं. नाव फिक्या रंगात पण मोठं, चाकाच्या आऱ्यांवरून न्या. तिथून पुसायला गेलं की आरे वाकडे होतात, चाकाभोवतीची धाव तुटल्यासारखी दिसते आणि चोरी उघडी पडते. बैलाचा चेहरा आणि जुवाची नक्षी मोकळी सोडा. गिऱ्हाईक तेच बघून पैसे देतं. याहून पक्की युक्ती म्हणजे नाव कोरलेली लाकडाची चपटी पट्टी फोटो काढतानाच चाकाखाली सरकवायची, अशी की चाक अर्धं पट्टीवर चढलेलं दिसेल.

अधूनमधून गूगल लेन्समध्ये आपलाच फोटो टाकून बघा. सापडला तर आधी पानाचा पत्ता आणि तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, मगच तोंड उघडा. पहिल्याच झटक्यात कमेंटमध्ये भांडलात तर तो तुम्हाला ब्लॉक करेल आणि हाती काही राहणार नाही.

खरी मेख पुढे आहे, तक्रारीत. बहुतेक लोक लिहितात, "माझं डिझाईन चोरलं." असं लिहिलं की तक्रार अडकते. बैलगाडी पिढ्यान्‌पिढ्या बनते आहे. तिच्या घडणीवर हक्क सांगायला गेलात तर डिझाईन कायदा, वकील, नोंदणी असा वेगळाच फेरा सुरू होतो. (ती नोंदणी हवीच असेल तर वस्तू जगाला दाखवण्याआधी अर्ज करा. फोटो आधी टाकला की नवेपणा संपला.) तक्रार फक्त फोटोची करा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोवरचा हक्क फोटो काढल्याक्षणी आपोआप तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि "नोंदणी नाही म्हणजे हक्क नाही" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

पण हक्क कुणाचा? इथे भलेभले घसरतात. गाडी तुम्ही घडवली म्हणून फोटो तुमचा होत नाही. भाच्याने त्याच्या फोनवर हौसेने काढून दिला असेल तर हक्क भाच्याचा. तालुक्याच्या फोटोग्राफरला पैसे देऊन काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क तुमचा. फुकटात काढलेल्या फोटोंचा हक्क तुमच्या नावे केल्याचं भाच्याकडून कागदावर लिहून, सही घ्या. त्यात "हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी" हे शब्द हवेतच. मुदत लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. घरातल्या घरात कसला कागद, असं वाटेल. घ्या तरीही.

तक्रार त्या ॲपच्या कॉपीराइट फॉर्ममधूनच करा. पोस्टखालचं साधं रिपोर्टचं बटण कामाचं नाही. तुमच्या मूळ पोस्टची लिंक, त्याच्या पोस्टची लिंक, "हा फोटो मी काढला आहे" किंवा "या फोटोचा हक्क माझ्याकडे आहे" यातलं खरं असेल ते एक सरळ वाक्य, एवढं पुरे. घामाच्या, कष्टाच्या गोष्टी लिहू नका. फेसबुक आणि इन्स्टाग्राम तक्रारदाराचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवू शकतात, त्यामुळे या कामासाठी वेगळा ईमेल उघडा. खात्री नसताना तक्रार करू नका, ती अंगाशी येते.

फॉर्मने भागलं नाही तर 2013 च्या कॉपीराइट नियमांतल्या 75 व्या नियमाखाली त्या ॲपच्या कंपनीला लेखी तक्रार देता येते. तक्रार पटली तर कंपनीला 36 तासांत फोटो उतरवावा लागतो. मात्र त्या तक्रारीत तुम्हाला हमी द्यावी लागते की न्यायालयात दावा लावून 21 दिवसांत आदेश आणू. भावनेच्या भरात यावर सही करू नका. दावा आपल्या राहत्या जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो, चोर दिल्लीत बसलेला असला तरी. पण वकिलाची फी आपलीच. आदेश आला नाही तर 21 दिवसांनी फोटो परत चढू शकतो. म्हणून तान्ह्या पोळ्याच्या मालाची तक्रार फॉर्मनेच, आणि श्रावण लागताच करा. पोळा उलटल्यावर जिंकलेली तक्रार पुढच्या वर्षीच्या फाइलला लावायच्या कामाची.