सोबत्यांच्या सूचनांचा क्रम तपासून घ्यावा

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (2009) या गेममध्ये संगणक चालवत असलेल्या सोबत्यांसाठी 'टॅक्टिक्स'ची, म्हणजे 'अमुक अट असेल तर अमुक कृती' अशा सूचनांची यादी असते. ती वरून खाली वाचली जाते आणि जी अट आधी लागू पडते तीच कृती घडते, खालच्या ओळींचा त्या क्षणी विचारच होत नाही. परभणीला माझ्या धाकट्या भावाने 'शत्रू दिसताच हल्ला' ही ओळ सर्वांत वर ठेवली होती. परिणामी उपचार करणारी विन काठीने मारा करत राहिली आणि शेजारी लढणारा दुसरा सोबती अ‍ॅलिस्टर कोसळला. म्हणून 'सोबत्याची प्रकृती 50 टक्क्यांखाली' ही अट पहिली आणि हल्ला अगदी शेवटी ठेवावा. फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा फेकणारा मंत्र, मात्र यादीत घालूच नये. स्पेसबार दाबून लढाई थांबवावी, आपली माणसे त्याच्या तडाख्यात उभी नाहीत ना ते पाहावे आणि मगच तो स्वतःच्या हाताने टाकावा.