सहा वर्षांची दाढ फुटलीय? ड्रिल उचलायच्या आधी हे बघा

पोरगं आठ वर्षांचं, साधारण सहाव्या वर्षी येणारी खालची पहिली कायमची दाढ अर्धी फुटलेली, आई म्हणते चॉकलेट फार खातो हो, आणि आपण केस पेपरवर कीड लिहून मोकळे. जरा थांबा. दुधाच्या दाढा स्वच्छ असतील आणि फक्त सहा वर्षांच्या दाढाच गेल्या असतील तर चॉकलेटला बोल लावू नका, एमआयएच म्हणजे मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशनचा (दाढा आणि पटाशीच्या दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, कच्चं राहणं) विचार करा. हे नाव २००१ सालचं, त्यामुळे जुन्या लोकांनी कॉलेजात ते ऐकलेलंच नसतं.

तपासताना दात आधी ब्रशने साफ करा आणि ओलेच बघा, हवा मारून सुकवले की चांगलं इनॅमलही पांढरट दिसतं, वर पोरगं खुर्चीतून उडतं ते वेगळंच. चार पहिल्या दाढा, आठ पटाशीचे दात, एवढे बघायचे. निदान एका दाढेवर स्पष्ट कडेचा डाग हवा, पांढरा, क्रीम, पिवळा किंवा तपकिरी, १ मिलिमीटरपेक्षा मोठा. पिवळा-तपकिरी असेल तर इनॅमल जास्त कच्चं, चावतानाच टवके उडणार हे धरून चाला.

सगळ्यात जास्त गफलत होते ती फ्लोरोसिसशी, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे दातांवर पडणाऱ्या डागांशी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे बोअरच्या पाण्यावर वाढलेली पोरं येतात आणि डाग दिसला की फ्लोरोसिस असं हात आपोआप लिहितो. पण फ्लोरोसिस दोन्ही बाजूंना सारखा, पसरट, कड कुठे संपते ते कळत नाही, आडव्या पांढऱ्या रेघा. एमआयएचमध्ये डावी दाढ पार गेलेली आणि उजवी ठणठणीत असंही दिसतं. दोन्ही एकाच तोंडात असू शकतात बरं का.

हायपोप्लेझियात इनॅमल मुळातच कमी बनतं म्हणून खड्ड्याची कड गुळगुळीत लागते, एमआयएचमध्ये बनलेलं नंतर तुटतं म्हणून कड खडबडीत. दुधाचे-कायमचे सगळेच दात तसे असतील आणि घरात अजून कुणाचे असतील तर अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे इनॅमलचा आनुवंशिक दोष.

या दाढेचं इनॅमल जन्माच्या आसपास सुरू होऊन साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत बनतं, म्हणून त्या काळातली आजारपणं विचारा. पण अमुक अँटिबायोटिकमुळेच झालं असं आईला ठोकून सांगू नका, एकच कारण अजून सिद्ध नाही, ती माऊली उगाच स्वतःला दोष देत बसते.

आता काम. आतली नस आधीच चिडलेली असते म्हणून लोकल, म्हणजे बधिर करायचं इंजेक्शन, नीट चढत नाही, पोर रडलं तर नाटक समजू नका. फ्लोराइड वार्निश लावून ठेवा. दाढ अर्धीच वर आली असेल आणि कोरडी राहत नसेल तर जीआयसी (ग्लास आयनोमर सिमेंट) भरा. कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) करणार असाल तर कड चांगल्या इनॅमलवर न्या, कच्च्या इनॅमलला बाँड धरत नाही, आणि सहा महिन्यांत फिलिंग हातात घेऊन आलेल्या पालकांना आपण मटेरियल खराब होतं म्हणून सांगतो! दाढ बरीच ढासळली असेल तर सरळ स्टीलची कॅप.

दाढ वाचणारच नसेल तर ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा, दुसऱ्या कायमच्या दाढेची मुळं दुभंगायला लागलेली दिसली, साधारण ८ ते १० वर्षांच्या दरम्यान, की काढायची वेळ बरी असते, मागची दाढ पुढे सरकून जागा घेऊ शकते. ऑर्थोवाल्याला, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरला, मात्र काढायच्या आधी विचारा, नंतर नाही.