गिअरबॉक्समधून आवाज येतोय? आधी क्लच दाबून बघा

कात्रजचा घाट चढताना गाडी घूं घूं करायला लागली की आपण थेट गॅरेज गाठतो, आणि "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" हे ऐकलं की पोटात गोळा येतो. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे नुसती मजुरीच भरपूर. त्याआधी अर्धा तास स्वतः कान द्या. (हे सगळं क्लचवाल्या, मॅन्युअल गाड्यांसाठी.)

१. सकाळी पार्किंग शांत असताना एसी, रेडिओ बंद करा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवून चालू करा. पाय क्लचवर नको. घरघर ऐकू येतेय? आता क्लच पूर्ण दाबा. आवाज थांबला तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचला ढकलून सोडवणारं बेअरिंग. तेही बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतोच, म्हणून क्लच प्लेट झिजलेली असेल तर त्याच वेळी बदलून घ्या. दोनदा मजुरी कशाला!

२. गिअर टाकताना खर्रर्र होतं? एकाच गिअरला होत असेल तर त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग (गिअर जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी कडी) झिजलेली असू शकते. सगळ्याच गिअरना, रिव्हर्सलाही होत असेल तर बहुतेक पेडल दाबूनही क्लच इंजिनापासून पूर्ण सुटत नाही. केबल किंवा क्लचचं हायड्रॉलिक आधी तपासून घ्या. रिव्हर्समधला कुंई आवाज मात्र बऱ्याच गाड्यांत असतोच. त्या गिअरचे दाते सरळ असतात, घाबरू नका.

३. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४०-५० वेगात क्षणभर न्यूट्रल करा. नवले पुलाच्या उतारावर हा प्रयोग चुकूनही नको! न्यूट्रलमध्येही घूं घूं तशीच राहिली आणि वेगाबरोबर कमी-जास्त झाली, तर आधी टायर आणि चाकांची बेअरिंग बघा. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स उघडायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी सहज लक्षात आलं, डावीकडे वळताना आवाज वाढतो, उजवीकडे वळताना जवळजवळ जातो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. जॅक लावून ते चाक हाताने फिरवलं, तर त्या चाकाच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवलेल्या बोटांना खरखर स्पष्ट जाणवली. एका बेअरिंगवर काम भागलं.

पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना कटकट होत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्समधून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट बघा.

४. प्रत्येक गिअरमध्ये कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर गाडी लिफ्टवर घेऊन ऑईलची पातळी बघायला सांगा. सील गळत असेल तर गिअरबॉक्सच्या खालची बाजू ओली, धूळ चिकटलेली दिसते. ऑईल काढताना समोर उभे राहा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर राखाडी बारीक लगदा दिसेल, ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर दात किंवा बेअरिंग फुटलंय. गाडी चालवत घरी नेऊ नका, तिथेच ठेवा.