रिव्हर्स घेताना गाडी उडी मारते? या चुका टाळा

पुढे जाताना सफाईने गाडी चालवणारी माणसंही रिव्हर्सला गडबडतात. गाडी एकतर बंद पडते, नाहीतर सुसाट मागे जाते. मधलं काही जमतच नाही. वेग म्हणजे ॲक्सिलरेटर, हे अंगात इतकं मुरलेलं असतं की रिव्हर्स टाकल्यावरही उजवा पाय आपोआप तिकडे जातो. पण मॅन्युअल गाडीत, निदान सपाट जागेवर, मागे जाण्याचा वेग डाव्या पायाने, म्हणजे क्लचने सांभाळायचा असतो.

यामागचं गणित साधं आहे. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सचं गुणोत्तर (इंजिनचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो ते) पहिल्या गिअरच्या आसपास असतं. इंजिन नुसतं चालू असताना 700 ते 900 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितके फेरे घेत, फिरतं. अशा वेळी रेस न देता क्लच पूर्ण सोडला, तरी गाडी ताशी 5 ते 8 किलोमीटरने मागे जाते, म्हणजे सेकंदाला दीड-दोन मीटर. मागची भिंत हातभर अंतरावर असेल तर हाच वेग जास्त झाला, मग वर रेस कशाला द्यायची?

त्यामुळे सपाट जागेवर उजवा पाय ब्रेकवर ठेवा आणि क्लच सावकाश वर येऊ द्या. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जरा जड होतो, गाडी किंचित थरथरते. तिथे पाय थांबवा. तिथून पुढचा सगळा खेळ काही मिलिमीटरचा आहे: वेग वाढतोय वाटलं तर क्लच थोडा दाबायचा, गाडी अडखळली तर थोडा सोडायचा. टाच खाली टेकत असेल तर हे बरंच सोपं जातं, म्हणून सीट जवळ घेतलेली बरी.

नेमकी इथेच सर्वांत मोठी चूक होते. गाडी हलली की ‘झालं एकदाचं’ म्हणून लोक क्लच सोडून देतात. गाडी झटक्याने मागे जाते, त्या झटक्याने चालवणाऱ्याचं शरीर पुढे ढकललं जातं आणि पाय ॲक्सिलरेटरवर असेल तर तो आणखी दाबला जातो. गाडी अजून जोरात मागे जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, याने मुद्दाम रेस दिली. असं झालं तर विचार करत बसू नका, क्लच आणि ब्रेक दोन्ही एकदम दाबा. गाडी थांबते आणि इंजिनही बंद पडत नाही.

‘हाफ क्लचने प्लेट जळते’ हे ऐकून काहीजण रिव्हर्सलाही क्लच अर्धा ठेवायला घाबरतात. हा सल्ला अर्धाच खरा आहे. इंजिनची ताकद पुढे गिअरकडे नेणारी ही क्लचची चकती तापते ती घासण्याने, आणि इंजिन जितकं जोरात फिरत असेल, घासणं जितका वेळ चालेल, तितकी जास्त तापते. रेस न देता काही सेकंद हाफ क्लच ठेवल्याने फारसं बिघडत नाही. इंजिन किंचाळेपर्यंत रेस द्यायची आणि गाडी क्लचवर धरून ठेवायची, ही सवय मात्र प्लेट खाते. जळका वास आला की थांबा आणि गाडी थोडा वेळ निवू द्या.

चढावर मागे जायचं असेल तेव्हा थोडी रेस लागतेच. हँडब्रेक लावून ठेवा, इंजिन 1200 ते 1500 आरपीएमवर स्थिर करा, क्लच धरू लागला की हँडब्रेक सोडा. रेस तशीच राहू द्या, वेग क्लचनेच कमी-जास्त करा. दोन्ही पाय एकदम हलवायला गेलात की घोळ होतो. उतारावर मागे जाताना उलटं. तिथे क्लच दाबून गाडी घरंगळू दिली तर इंजिनचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. क्लच पूर्ण सोडून ब्रेकने वेग आवरा. इंजिन अगदी गुदमरायला लागलं, तरच क्लच दाबा.

मागचं चाक दगडाला किंवा उंचवट्याला अडलं की लोक हमखास रेस वाढवतात. चाक वर चढतं आणि तीच ताकद गाडीला पलीकडे भिरकावते. रेस थोडीच द्या आणि चाक चढताक्षणी क्लच दाबून ब्रेक लावा.

सकाळी थंड इंजिन जास्त आरपीएमवर फिरतं, त्यामुळे रोजच्याच जागेतून गाडी रोजच्यापेक्षा जोरात मागे जाते. एसी चालू असतानाही थोडा फरक जाणवू शकतो. शिवाय मागे जाताना पुढची चाकं आपणहून सरळ होत नाहीत, उलट आणखी वळू पाहतात. वेग जास्त असेल तर स्टेअरिंग हातातून निसटल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

एवढं करूनही गाडी थडथडत मागे जात असेल, तर दोष पायाचा नसेलही. क्लच प्लेटवर तेल गेलं असेल, प्लेट झिजली असेल किंवा इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार, सैल झालं असेल. रिव्हर्समध्ये इंजिनवरचा झटका उलट्या दिशेने येतो, म्हणून माउंटिंगचा दोष कधीकधी फक्त मागे जातानाच कळतो. क्लच अगदी वर आल्यावर धरत असेल तर प्लेट संपत आल्याची शक्यता मोठी.

गिअर टाकताना करकर आवाज येत असेल, तर आधी गाडी पूर्ण थांबली होती का ते बघा. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारा भाग, नसतो. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, किंवा आधी एखादा पुढचा गिअर टाकून मग रिव्हर्स टाका. तरीही करकर थांबली नाही, तर पेडल पूर्ण दाबूनही क्लच इंजिनला गिअरपासून पूर्ण वेगळं करत नसावा. क्लचची केबल सैल आहे की (क्लच तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर) हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली आहे, हे मेकॅनिककडून तपासून घ्या.