कॅलरीची वही मधेच बंद पडू नये म्हणून

वजन उतरवण्यासाठी कॅलरी मोजायला सुरुवात करणं अजिबात अवघड नाही. पहिले दहा-बारा दिवस उत्साहात कुणीही मोजतं. खरा प्रश्न तिसऱ्या आठवड्यात येतो. मी हे तीनदा केलंय: २०१४, २०२१ आणि २०२३. पहिल्या दोन वेळी वही महिन्याच्या आत बंद पडली. तिसऱ्या वेळी ती अकरा महिने चालली आणि ७४ चे ६६ किलो झाले.

या सगळ्या काळात प्रेरणा टिकवण्याचे सल्ले खूप मिळाले. फ्रीजवर बारीक असतानाचा फोटो लावा, सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःला बजावा, आठवड्यातून एक दिवस ‘चीट डे’, म्हणजे न मोजता हवं ते खायची सूट, ठेवा. फोटोची चार दिवसांत नजरेला सवय होते आणि तो दिसेनासा होतो. चीट डेबद्दल पुढे लिहिते. माझ्या अनुभवात वही दोनच कारणांनी बंद पडते. हिशेब किचकट असला की कंटाळा येतो, आणि एखादा दिवस बिघडला की वही उघडायचीच भीती वाटते. या दोन्हींचा बंदोबस्त केला की रोज नव्याने उत्साह गोळा करत बसावं लागत नाही.

आधी आपला आकडा काढा

किलोमधलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. बाईसाठी यातून १६१ वजा करायचे, पुरुषासाठी ५ मिळवायचे. बैठं काम आणि थोडं चालणं असेल तर आलेल्या आकड्याला १.३७५ ने गुणायचं. माझं वजन ७४, उंची १५७, वय ४३ होतं. हिशेब १३४५ आला, गुणल्यावर दिवसाला साधारण १८५० कॅलरी. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथेच राहतं. त्यातून ४०० कमी केले आणि वहीच्या पहिल्या पानावर १४५० लिहिलं.

४०० पेक्षा जास्त कापू नका. एका आहारसल्लागार बाईंनी मला वय-उंची न विचारता १२०० चा छापील कागद हातात ठेवला होता. तो मी नऊ दिवस पाळला. दहाव्या दिवशी दुपारी ऐरोलीच्या ऑफिसात हात थरथरायला लागले आणि त्या संध्याकाळी घरी येऊन मी उभ्या-उभ्या अर्धा डबा शंकरपाळी संपवली. आकडा पोटापुरता नसेल तर जिद्द कुठून आणणार?

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका. खाण्यावरून पूर्वी मनाला त्रास झालेला असेल तर हा मार्ग तुमचा नाही. आणि घरात वयात येणारी मुलगी असेल तर तिच्यासमोर आकडे मोठ्याने बोलू नका. मुली ऐकतात आणि मनात ठेवतात.

हिशेब लहान करा

पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा आणि एक दोनशेपानी वही पुरे. ॲप वापरायचं असेल तर वापरा, पण त्यातली ‘मिक्स व्हेज, एक वाटी’ तुमच्या घरची भाजी नसते. त्या वाटीत तेल किती ते ॲपला माहीत नाही, तुम्हाला आहे.

घरातल्या कढया, पातेली, कुकरची भांडी रिकामी असताना एकदाच तोलून घ्या. माझ्या ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय: लोखंडी कढई १,३४०, स्टीलचं पातेलं ४८५. भाजी करताना तेल, दाण्याचं कूट, खोबरं, डाळ एवढंच तोलायचं. मेथी, दुधी, कोबीचा अंदाज चालतो, कारण त्यांच्यात फार काही नसतं. भाजी झाली की कढईसकट वजन, त्यातून कढई वजा. सबंध भाजी ६०० कॅलरींची आणि ८०० ग्रॅम भरली, तर माझ्या ताटातली १५० ग्रॅम म्हणजे ११२. पोळीचं तर एकदाच करायचं. ४० ग्रॅमच्या गोळ्यात साधारण २५ ग्रॅम कणीक असते, म्हणजे ८५ कॅलरी. घडीच्या पोळीला अर्धा चमचा तेल लागलं की १०५.

तेलाकडे मात्र कानाडोळा करू नका. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, एक ग्रॅम पिठात किंवा डाळीत चारच्या आतबाहेर. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या होतात. मी जे ४०० कमी करायला निघाले होते, ते जवळजवळ सगळे त्या डब्यातच होते.

हे सगळं तीन आठवडे करायचं, आयुष्यभर नाही. घरात फिरून फिरून पंचवीसेक पदार्थच होतात. त्यांचे आकडे वहीच्या मागच्या पानावर उतरले की पुढे रोजचं लिखाण दोन मिनिटांचं होतं. बाहेरच्या खाण्याचे स्वतःपुरते ठरलेले, जरा वरचेच आकडे ठेवा. माझे असे आहेत: वडापाव ३००, दोन पावांसह मिसळ ५५०, कटिंग ६०. संध्याकाळी ठाण्याला उतरून गोखले रोडने चालत येताना काही खाल्लं तर घरी येऊन आकडा तेवढा लिहायचा. तो वडा मोठा होता का लहान, हा विचार करत बसायचं नाही.

चालायला जरूर जा. मी रविवारी उपवनावरून येऊरच्या चढाला जाते. पण हातातल्या घड्याळाने ‘३५० जाळल्या’ म्हटलं म्हणून त्या वर खाऊ नका, १.३७५ मध्ये चालणं आधीच धरलेलं आहे.

खाडा पडला की काय करायचं

ही पायरी मला दोनदा जमली नव्हती, आणि याबद्दल नीट कुणीच सांगत नाही.

२०२१ च्या डिसेंबरात, बाविसाव्या दिवशी, डोंबिवलीला भाच्याचं केळवण होतं. मसालेभात, अळूची भाजी, बटाटेवडे, पुरी-बासुंदी. सगळं मायेने केलेलं, आणि मी ते खाल्लं याचं मला आजही वाईट वाटत नाही. रात्री घरी आल्यावर वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि तशीच बसून राहिले. बासुंदी किती वाट्या? वडे तीन की चार? शेवटी टोपण लावलं आणि वही मिटली. सोमवारी वाटलं, कालचं पान कोरं आहे, आता मधूनच कसं लिहायचं, पुढच्या सोमवारपासून नीट सुरू करू. तो सोमवार आला नाही. मार्चमध्ये रद्दी बांधताना वही सापडली. बाविसाव्या दिवसाची तारीख घातलेली होती, खाली काही नव्हतं.

आता आकडे बघा. त्या दिवशी मी अगदी २,६५० खाल्लं असं धरू, म्हणजे ठरलेल्यापेक्षा १,२०० जास्त. बाकीचे सहा दिवस १४५० प्रमाणे गेले असते तर आठवड्याची बेरीज ११,३५० झाली असती. वजन आहे तिथे ठेवायला आठवड्याला १२,९५० लागतात. म्हणजे केळवण धरूनही १,६०० ची तूट उरत होती. आता दुसरी बाजू. केळवणानंतर तीन दिवस वही बंद, आणि न मोजता रोज २,२०० पोटात गेले. उरलेले तीन दिवस १४५०. बेरीज १३,६००. तूट संपली आणि वर ६५० चढले. केळवणाने १,२०० घेतले, न लिहिलेल्या तीन दिवसांनी २,२५०. माझं वजन बासुंदीने वाढलं नव्हतं, मिटलेल्या वहीने वाढलं होतं.

तिसऱ्या वेळी मला वाट सापडली ती सासूबाईंच्या दुधाच्या हिशेबात. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात ‘खाडा’ लिहितात, पाहुणे आले तर ‘१ जादा’. गेली तीस वर्षं. महिन्यात चार खाडे पडले म्हणून त्यांनी कधी हिशेब टाकून दिला नाही, की पुढच्या महिन्याच्या एक तारखेची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी दूध आलं की पुढचा चौकोन. खाड्याची नोंद हा हिशेबाचाच भाग असतो. ती नसेल तर दूधवाल्याचं बिल चुकेल.

तेव्हापासून माझ्या वहीत कोरं पान नाही. दिवस बिघडला की त्याच रात्री, दात घासायच्या आधी, लिहायचं. जमेल तसा अंदाज, वरच्या बाजूचा. तोही जमला नाही तर ‘खाडा’ हा शब्द आणि पुढे २,५००. एवढं केलं की ते पान पूर्ण झालं. या कामाला अर्धं मिनिट लागतं, पण पहिल्या वेळी हात उचलत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तरी लिहा. बाकी कुठलीही पायरी चुकली तर चालेल, ही चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी पुन्हा १४५०. कमी नाही, जास्त नाही. आदल्या दिवसाचं फेडायला उपास अजिबात धरू नका. एक तर आपल्याकडच्या उपासाचा उपयोग होत नाही. ६० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम दाण्याचं कूट, दोन चमचे तूप आणि बटाट्याच्या फोडी धरल्या तर एक बशी खिचडी साडेचारशेच्या घरात जाते. आणि खरोखर उपाशी राहिलात तर तिसऱ्या दिवशी पुन्हा तुटून पडाल. खाडा आणि उपास असं आलटून-पालटून सुरू झालं की खाणं ही शिक्षा होऊन बसते. मी त्यातून गेले आहे, त्याने माझं जेवणावरचं मन दोन वर्षं उडालं होतं.

चीट डेला माझा विरोध एवढ्याचसाठी आहे. केळवण, बारसं, गणपतीतले उकडीचे मोदक यांना फसवणूक कशाला म्हणायचं? ते आपल्या वर्षाचा भाग आहेत. तांदळाची पिठी, ओलं खोबरं आणि गूळ तोलून बघितलं तर आमच्या घरचा मोदक १७० चा भरतो, वर तूप वेगळं. दोन खा, तुपासकट ४३० लिहा, आरतीला उभ्या राहा. उलट ठरवून मोकळा सोडलेला रविवार हा दर आठवड्याला मुद्दाम पाडलेला खाडा असतो, आणि त्याची नोंद कुणीच करत नाही.

वजनाच्या काट्याचा धसका

माझ्या हिशेबाने आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास उतरायला हवं. अंगातलं पाणी मात्र दिवसागणिक एक-दीड किलो वरखाली होतं. लोणचं-पापड जास्त झालं, पाळी जवळ आली, पोटभर भात झाला, की काटा वर. शरीरात साठवलेल्या एक ग्रॅम पिष्टाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. त्यामुळे दीड किलोच्या हेलकाव्यात साडेतीनशे ग्रॅम दिसणारच नाहीत. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा, रविवारी सातांची सरासरी काढा आणि तेवढीच लक्षात घ्या. बायकांनी सरासरीची तुलना मागच्या पाळीतल्या त्याच आठवड्याशी करावी. खाड्यानंतर तीन दिवस काट्यावर उभंच राहू नका. त्या आठवड्याची सरासरी चार दिवसांची निघेल, बिघडत नाही.

एक माणूस हवा

ग्रुप नको. ग्रुपवर लोक चांगलेच दिवस सांगतात. माझी धाकटी बहीण नेरूळला असते. रात्री दहाला आम्ही एकमेकींना फक्त आकडा पाठवतो. कौतुक नाही, उपदेश नाही. गेल्या दिवाळीत ती फराळाच्या दिवशी लिहिते, “ताई, आज खाडा. २५००.” मी लिहिलं, “बरं. उद्या किती वाजता निघणार आहेस?”

नवऱ्याला हे काम देऊ नका. जेवताना ताटाकडे बघणारं माणूस या कामाचं नाही.

दर चार किलोंनंतर

वजन उतरलं की शरीराला कमी लागतं. ६६ ला माझा हिशेब १,२६५ आला आणि गुणल्यावर १,७४०, म्हणजे सुरुवातीपेक्षा ११० कमी. हे न करता जुनाच आकडा धरून बसलं की तूट हळूहळू आटत जाते आणि लोकांना वाटतं, आपलं शरीरच हट्टी आहे. प्रत्येक चार किलोंनंतर गणित पुन्हा करा. नवा आकडा सुरू करायच्या आधी दोन आठवडे तूट न ठेवता, वजन टिकेल एवढं जेवा. त्या दोन आठवड्यांतही लिहायचं, फक्त कमी करायचं नाही. मग पहिल्या पानावरचा जुना आकडा एका रेघेने खोडा आणि त्याच्या शेजारी तारखेसकट नवा लिहा.